आकडा बोलायचा नाय

नवापूर, ता. १९ जानेवारी १९७६

वामन यास,

बाय ठकीचा आशीर्वाद. आमी बरे हाय. तू बरा असशील, नसलास तर कळव. पत्र मीच लिहिते. तिसरीपर्यंतचं अक्षर हाय, लावून घे.

पुंजाराम लाकडाचा ट्रक घेऊन उंबरगावला येतो, त्याच्या हाती तुझ्या भाच्याच्या, महादूच्या होडीची दोरी पाठवते. कापडात बांधलीय. कापड सोडलेलं दिसलं तर त्याला विचार, सोडू नको. तिकडं राहून तू इकडची रीत विसरला असशील म्हणून लिहिते. होडी पाण्यात जाईपर्यंत तिचा आकडा तोंडानं बोलायचा नाय, कागदावर लिहायचा नाय. ज्याची होडी त्यानंच आपल्या हातानं दोरी मोजायची, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, एक गाठ. महादूनं मोजली. त्याचा हात बापावर गेलाय, लांब, तेव्हा तुझ्या हातानं मोजत बसू नको. दोरी रात्रभर देवापुढं ठेवली, टोकांना हळद लावली. दोरी सांगेल तशी होडी कर. मला आकडा विचारणारं पत्र लिहू नको, महादूला तर नकोच.

वर्षभर घरात एकच भांडण. बारकी का मोठी. महादू म्हणतो जवळच्या पाण्यात काय राहिलं नाय. जाळं टाकायचं, कचरा काढायचा, मूठभर मांदेली घेऊन परत. मोठी होडी असली की चार दिवस बाहेर राहता येतं. खाली झोपायला जागा, चूल, पाण्याचं पिंप, बर्फाचा खण. घोळ, दाढा अशी मोठी मासळी लागते ती तिथं. मी म्हटलं, झोपायला घर बांधलंय ते कशाला. तर हसतो. सूनबाई चंद्रकांता त्याच्याच बाजूनं. ती सातपाटीची, तिच्या भावांच्या मोठ्या होड्या, तिला काय वाटणार. मला म्हणते, सासूबाई, दर्याला बारकी मोठी कळत नाही. शाळा शिकलीय सातवी.

बारकी होडी चार माणसं वाळूवर ओढतात. ओहोटीला खाडीत शिरते. सकाळी गेली की दिवस मावळायच्या आत घरी. मोठीला परत यायची घाई नसते. तुझे दाजी मोठीवर चार दिवसांच्या बोलीनं गेले होते, तू तेव्हा उंबरगावला नवीन. दुसऱ्या दिवशी तापात गेले. मासळी लागलेली, म्हणून तांडेलानं होडी वळवली नाय. चौथ्या दिवशी आणले. बर्फात, अंगावर सरंगे. त्या सरंग्यांतला आमचा वाटा मीच बोईसरच्या बाजारात विकला. गिऱ्हाईक म्हणालं ताजे हायत. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाय, तू पण सांगू नको.

असो. घरात काय ठरायचं ते ठरलंय. मी आता बोलायचं सोडलंय. दोरी बघ आणि काम धर. पावसाच्या आधी होडी इथं पाहिजे.

ठकी


नवापूर, ता. २ जून १९७६

वामन,

अक्षर सुनेचं हाय, बोलणं माझं. माझा हात आज चालत नाय.

तू गेल्यावर गावात तोंड काढायची सोय राहिली नाय. महादू आणि तू होडी घेऊन वाळूला लागलात, अख्खं नवापूर बघायला उतरलेलं. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी. आणि तुझी होडी ही एवढीशी. नवशानं कडेकडेनं हात टाकत मोजली. तो महादूबरोबर जाणारा खलाशी, त्याचं पोटपण त्याच होडीवर. मोजून तो सरळ झाला आणि म्हणाला, बावीस. मग कोणतरी बोललं, महादू, दूध पाज तिला, वाढंल. बायापण हसल्या.

तुला विचारलं तर तू काय म्हणालास? मोजताना चुकलो, चूक माझी. एवढंच. चार माणसांनी आईवरून शिव्या घातल्या, तुझी हत्यारांची पेटी पाण्यात ढकलली, तरी तू तेवढंच. वाकून वाकस आणि रंधा तेवढा शोधलास आणि चालत बोईसरकडं निघालास. पाणीपण मागितलं नायस. मी सगळ्यांसमोर तुला बोलले ते बोलले. एका पोटातून आलेल्या माणसानं असं करावं, असं म्हणाले. आता कागदावर परत कशाला. ही लिहिताना थांबलीय, माझ्याकडं बघते. लिही म्हटलं.

महादू तुझ्याविरुद्ध एक शब्द काढत नाय. मामा चुकला, माणूस हाय, म्हणतो आणि उठून जातो. आता दुसरी होडी होणार नाय. लाकूड संपलं, हौस संपली. हीच चालवायची.

यंदा भाऊबीजेला येऊ नको.

ठकी

ता. क. मामा, मी चंद्रकांता. सासूबाईंनी सांगितलं तेच वर लिहिलं आहे. माझं स्वतःचं इतकंच की ह्यांनी डोळे मिटून दोरी तुमच्याकडे पाठवली होती. चूक म्हणता, पण इतके हात चुकत नाहीत. लाकूड वाचवलं असेल तर ते तुम्हाला लखलाभ.


नवापूर, ता. २१ नोव्हेंबर १९७६

वामन,

महादू गेला. सातपाटीपर्यंत कळलंय, म्हणजे तुलापण कळलं असेल. तू आला नायस. मीच येऊ नको म्हटलं होतं.

हे पत्र माझ्या हातचं हाय. घरात दुसरं कोण नाय. चंद्रकांताला आठवा लागलाय, भाऊ येऊन तिला बाळंतपणासाठी घेऊन गेले. जाताना माझ्या पाया पडली. म्हणाली, सासूबाई, तुमच्या भावाचे हात झडोत. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढंच केलं.

नीट लिहिते, कारण तुला नीट कळायला पाहिजे. नारळी पुनवेला होडी पाण्यात घातली. ऑगस्ट, सप्टेंबर महादू रोज सकाळी गेला, रोज दिवसाउजेडी आला. मला पाहिजे होतं तसं. वाळूवरूनच हाक मारायचा, आई, तुझी होडी आली गं. रोज. मी टोपली घेऊन जायची. टोपलीत काय, तर बोटभर बोंबील आणि चार मुडदुशा. एकदा तर नुसता कचरा, तरी हाक तीच. बाजूला मोठ्या होड्या लागायच्या तेव्हा तो जाळं धुवायचं निमित्त काढून पाठ करून उभा राहायचा. मी ते बघायची आणि मनात म्हणायची, बघूदे, सवय होईल. पोरगं घरी तर येतंय.

दिवाळी झाली. मोठ्या होड्या बाहेर निघाल्या, हा त्यांच्या मागं निघाला. नवशा म्हणाला, ही त्या पाण्याची नाय. तर म्हणाला, शीड तेच, वारा तोच. बरोबर दोन दिवसांचं पाणी आणि भाकऱ्या. मला वाटलं रोजच्यासारखाच गेला. मी संध्याकाळी टोपली घेऊन गेले. उभी राहिले. दुसऱ्या दिवशीपण गेले.

तिसऱ्या दिवशी वारा उठला. मोठ्या होड्यांनी शिडं उतरवली, माणसं खाली शिरली, होड्या बसून राहिल्या. ह्यांना शिरायला खाली काय होतं? उघडी होडी. नवशा सांगतो, लाट मागून आली, पाणी उपसलं, दुसरी आली, उपसलं, तिसरी आली. नवशाला सातपाटीवाल्यांनी काढला. महादू त्याच्या हातभर पलीकडं होता. नवशानं मला वाळूवर बसवलं आणि सांगितलं. मी त्याला म्हटलं, शेवटी काय बोलला? तर म्हणाला, काकी, पाणी उपसताना माणूस बोलत नाय.

तो मिळाला नाय. होडीचं एक फळकूट दांडा गावाच्या बाजूला लागलं. तुझं काम ओळखू येतं, खिळा आत ठोकलेला दिसत नाय.

आता ऐक. दोरी मी कापली.

महादू बोईसरला जाळ्याचं सूत आणायला गेलेला. दुपारची वेळ. सूनबाई विहिरीवर. दोरी देवापुढं होती. मी ती घेतली, मोरळीवर धरली आणि मासळी कापतो तशी कापली. किती हात ते लिहीत नाय. नवीन टोकाला गाठ मारली, हळद लावली, कापडात बांधली आणि पुंजारामच्या हातात दिली. मनात काय आलं नाय. चोरीसारखं वाटलं नाय. वाटलं, आता रोज घरी येईल.

तुला सांगून का नाय केलं, तर तू महादूला विचारलं असतंस. दोरीला कोण विचारतं.

तू वाळूवर उभा होतास तेव्हा मी ताट घेऊन दहा पावलांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी तुलाच शिव्या घातल्या. लोकांनी घातल्या त्यापेक्षा मोठ्यानं घातल्या, आठवत असेल. नाव ठेवणाऱ्यानं नाव बरोबर ठेवलं माझं, ठकी.

आता तुला काम मिळत नाय असं पुंजाराम सांगतो. नवापुरात नाय, सातपाटीत नाय, डहाणूपर्यंत नाय. दुसऱ्याच्या हाताखाली नुसत्या फळ्या तासतोस म्हणाला. ते माझं काम हाय, माझ्या मोरळीचं. म्हणून मी परवा ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, दोरी मी कापली, वामनचा दोष नाय. शेजारच्या सोजराबाईनं मला पाणी दिलं. नवशा म्हणाला, काकी, दुःखानं डोकं फिरतं, भाऊ म्हणून त्याला वाचवताय. आणि बोंबील वाळत घालायला गेले सगळे. कुणी मानलं नाय, वामन. खोटं बोलले तेव्हा एका हाकेत मानलं.

कापलेला तुकडा माझ्याकडं हाय. सुक्या बोंबलांच्या डब्यात तळाला ठेवला होता, वास येतो. तुझ्याकडची दोरी घेऊन ये. कापलेली टोकं एकमेकांना लावून दाखवू. मग मानतील. मग मला काय करायचं ते करूदेत.

ये. जेवू नको माझ्याकडं, पण ये.

ठकी


नवापूर, ता. ९ जानेवारी १९७७

वामन,

तुझं कार्ड आलं. पोष्टमननं वाचून दाखवू का विचारलं, मी हिसकून घेतलं. चार ओळी. महिनाभर लागला तुला चार ओळींना. मला त्या तोंडपाठ झाल्यात, तरी इथं परत लिहिते. तूच लिहिलंयस ना, बघ.

बाय, शेवटची गाठ डाव्या हाताची होती, म्हणून वाटलं घरात तसं ठरलं. महादू होडी न्यायला आला तेव्हा रागानं दोरी मागितली, मी दिली. त्यानं गाठी मोजल्या, शेवटची बघितली, आणि म्हणाला, मामा, आईला काय बोलू नका. दोरी त्यानं डोलकाठीच्या बुडाशी ठोकली.

आईची गाठ. मी ते विसरलेच होते. आई डावखुरी, तिनं आपल्याला जाळी शिकवली ती डावीकडून. माझ्या हाताला दुसरी गाठ येतच नाय. तुझ्या हातालापण तीच येते. तिसरं कोण नाय. मी दोरी कापून वर माझं नाव लिहून पाठवलं होतं. आणि तुला वाटलं, बाय म्हणते तर तसं. जन्मभर तू माझं ऐकत आलास, ते एकदा तरी ऐकायचं नव्हतंस.

म्हणजे महादूला मे महिन्यापासून माहीत होतं.

माझ्या समोर जेवायचा, मी वाढायची. तुला शिव्या घालायची, तो भात कालवत बसायचा. एकदा मी म्हटलं, तुझ्या मामानं माझं पोर फसवलं. त्यानं ताट पुढं सारलं, म्हणाला, आई, आमटी घाल. तेव्हापण माहीत होतं.

आई, तुझी होडी आली गं. मला वाटायचं लाडानं म्हणतो. शेजारणींना सांगायची मी, बघा, होडी माझ्या नावावर केलीय पोरानं. तो रोज सांगत होता, तुझी होडी हाय ही, माझी नाय. आणि मी टोपली घेऊन हसत जायची. का खरंच लाडानं म्हणत होता? तू त्याच्याबरोबर उंबरगावपासून इथपर्यंत आलास, दिवसभर. तेव्हा तो काय बोलला? माझ्याबद्दल काय बोलला? हे तू कार्डावर लिहिलं नायस. मला ते पाहिजे. वाईट असलं तरी पाहिजे.

तो दिवाळीनंतर मोठ्यांच्या मागं का गेला हे पण आता मला रोज वेगळं वाटतं. लिहीत नाय.

दोरी डोलकाठीबरोबर गेली. आता टोक कशाला जुळवणार. माझ्याकडं नुसता तुकडा. ह्या गावात दोऱ्या ढीगभर पडल्यात. हा कोण बघणार.

ठकी


नवापूर, ता. २० फेब्रुवारी १९७७

वामन,

मी सातपाटीला जाऊन आले. चंद्रकांताला मुलगी झाली. सव्वा महिन्याची हाय. लांब हाताची हाय.

मला पाणी दिलं, बाळ मांडीवर दिलं. मी बाळ परत तिच्याकडं दिलं आणि म्हटलं, आधी ऐक, मग द्यायचं तर दे. सगळं सांगितलं. दुपार, मोरळी, हळद. तिचे भाऊ दारात उभे. मोठा म्हणाला, म्हातारीला घरी सोडून येतो, भ्रमलीय. मी पिशवीतून तुकडा काढून चंद्रकांतापुढं ठेवला. तिनं नाक धरलं, वास आला. मग बघत राहिली.

मला सुचलं नव्हतं ते तिला सुचलं. उठली, पेटी उघडली, महादूचा लग्नातला सदरा काढला. लांब हाताचा, शिंप्याकडून मापानं शिवलेला, बाजारचा त्याला आखूड पडायचा. बाही जमिनीवर पसरली आणि कोपराच्या घडीपासून दोरी लावली. बाही मनगटावर संपली. पुढं तिनं स्वतःचा पंजा ठेवला, मग थोडा सरकवला, मग म्हणाली, ह्यांचं बोट इथपर्यंत येतं. तिथं गाठ होती. दुसरा हात लावला, तिथंपण गाठ. एवढा हात गावात दुसऱ्या कुणाचा नाय, तिच्या भावांचापण नाय. त्यांनी लावून बघितला.

बाळ रडलं तेव्हा तिनं घेतलं. मग मोठ्या भावाला म्हणाली, दादा, उंबरगावला जा. मामांचे पाय धर. माझं लिहिलेलं पत्र त्यांच्याकडं असेल, ते फाडायला सांग. तिचा मोठा भाऊ येईल तुझ्याकडं. त्याला घरात घे. ते लोक नवीन होडी बांधायची म्हणतात, तुझ्याकडंच देतील. मोठी हाय. नीट कर.

मला ती काय म्हणाली, ते पण लिहिते. म्हणाली, सासूबाई, तुम्ही खरं सांगितलंत म्हणून तुम्हाला हाकलत नाही. पण आता येऊ नका. मी बरं म्हटलं. दोरी उचलायला वाकले तर तिनं पाय ठेवला दोरीवर. हे इथंच राहील, म्हणाली. मी म्हटलं, पोरी, त्याचं दुसरं काय मिळालं नाय मला. ना हाड, ना कपडा. ती म्हणाली, मला तरी काय मिळालं.

तिचं बरोबर हाय. मी कापलेलं मीच कसं ठेवायचं.

चालत शेजारच्या माहीमपर्यंत आले, तिथून एष्टी. घरी येऊन बोंबलांचा डबा धुतला. उगाच धुतला. आता संध्याकाळी वाळूवर जात नाय. मोठ्या होड्या लागल्या की बाया ओरडतात, तेवढं ऐकू येतं.

एक राहिलं. होडी पाण्यात जाईपर्यंत आकडा बोलायचा नाय. जी पाण्यात गेलीच नाय तिचा कधी बोलायचा, हे आईनं सांगितलं नाय, कुणीच सांगितलं नाय. महादूनं दोरी मोजताना ओठ मिटून मोजली होती. मी चुलीपाशी बसून त्याच्या कोपराकडं बघत होते आणि मनात मोजत होते. मला आणि त्यालाच तो आकडा माहीत होता. आता तो मला एकटीला माहीत हाय आणि एकटीला ठेववत नाय.

सव्वीस, वामन. त्यानं सव्वीस हात मोजली होती.

ठकी